एका पैची चूक आणि घरावरचं कर्ज



गेले तीन दिवस आपण नाथांच्या चरित्रातले देवगिरीचे दिवस वाचतोय. आज त्यातली सगळ्यांना पाठ असलेली कथा आली, एका पैच्या चुकीची. जनार्दनस्वामी देवगिरीच्या किल्ल्यावरचे अधिकारी, आणि त्यांच्याकडचं हिशोबाचं काम एकनाथांकडे. एका रात्री जमाखर्चाचा मेळ बसेना. फरक फक्त एका पैचा. नाथ दिव्याजवळ वही घेऊन बसले ते बसलेच. रात्र सरत आली तेव्हा चूक सापडली आणि आनंदाच्या भरात त्यांनी टाळी वाजवली. स्वामी हे बघत होते. ते जे म्हणाले त्याचा अर्थ असा: एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, तर संसाराची मोठी चूक सापडेल तेव्हा किती होईल?

कीर्तनात ही कथा इथून थेट एकाग्रतेकडे जाते, आणि ते बरोबरच आहे. मी मात्र आज वाचताना एक पाऊल आधीच अडकलो. परंपरा सांगते की नाथ पैठणहून निघाले तेव्हा बारा-तेरा वर्षांचे होते. म्हणजे ही वही हातात आली तेव्हा आजच्या भाषेत नववी-दहावीतला, फार तर अकरावीतला मुलगा. त्या वयाच्या मुलाकडे गुरूंनी किल्ल्याचा जमाखर्च दिला. आणि कथेत स्वामी त्याच्या हातातली वही काढून घेत नाहीत. "हा पैशाचा पसारा सोड, जप कर" असंही म्हणत नाहीत.

जाता जाता माझ्या धंद्यातली एक गंमत. पेमेंटचं सॉफ्टवेअर लिहिताना आम्ही रक्कम रुपयात आणि दशांशात ठेवत नाही, पैशात ठेवतो, पूर्णांकात. कारण संगणकाला ०.१ आणि ०.२ ची बेरीज नेमकी ०.३ करता येत नाही, शेवटी कुठेतरी सूक्ष्म चूक राहते. एका व्यवहारात ती दिसतही नाही. लाखो व्यवहारांत ती साठते आणि रात्री रिकन्सिलिएशनच्या वेळी मेळ बसत नाही. नवीन आलेली मुलं विचारतात, एवढ्याशा फरकासाठी एवढा आटापिटा का? मी त्यांना नाथांची गोष्ट सांगतो. रक्कम लहान असली तरी चूक खरी असते, आणि एक चूक चालवून घेतली की पुढची कुठली चालवून घ्यायची याला धरबंध राहत नाही.

आता ज्यामुळे ही कथा आज माझ्या मनात रुतली ते सांगतो. (ताईला विचारून लिहितोय.)

माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, अकरावी सायन्स. ताई मला म्हणाली, "तू त्याला जरा पैशाचं शिकव ना. आमचं ऐकत नाही." मामाचं काम म्हणून मी तयारीने गेलो. ७२ चा नियम घेतला: व्याजदराने ७२ ला भागलं की पैसे दुप्पट व्हायला साधारण किती वर्षं लागतात ते कळतं. सहा टक्के असेल तर बारा वर्षं. हेच महागाईलाही लावून बघ म्हटलं, दर वर्षी सहा टक्के महागाई धरली तर आजचा शंभराचा डबा बारा वर्षांनी दोनशेचा. क्रेडिट कार्डाचं दाखवलं: महिन्याला साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण थकबाकी तशीच राहू दिली आणि व्याजावर व्याज चढलं तर वर्षाला ते ५१ टक्क्यांवर जातं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मामा, हे सगळं रील्समध्ये असतं रे. एसआयपी, चक्रवाढ, सगळं माहितीये मला." आणि थोडं थांबून, "तू मला एक सांग. आपल्या घरावर कर्ज किती आहे?"

मला आकडा माहीत होता. पण तो सांगायचा अधिकार माझा नव्हता. मी म्हटलं, आईला विचार. तो म्हणाला, "विचारलं. म्हणाली तू अभ्यास कर."

मंडळी, किशोरवयीन मुलांना पैशाचं शिकवायचं म्हणजे काय, या प्रश्नाचा मला वाटतं हा गाभा आहे. चक्रवाढ व्याज शिकवणं सोपं आहे, कारण त्यात आपलं काही उघडं पडत नाही. घरातला खरा कागद समोर ठेवणं अवघड आहे. ज्या घरात मुलाला शेअर बाजार समजावा असं वाटतं, त्याच घरात त्याला बाबांचा पगार माहीत नसतो, हप्ता किती हे माहीत नसतं, आजीच्या ऑपरेशनचे पैसे कुठून आले हे माहीत नसतं. आपण त्याला पोहण्याचं पुस्तक देतो आणि विहिरीवर झाकण घालून ठेवतो.

लपवणं वाईट हेतूने होत नाही, हेही खरं. ताईचं म्हणणं साधं होतं: त्याचं वय आहे का हे? अजून बारावी व्हायचीय, सीईटी आहे. आत्ताच डोक्याला घोर कशाला?

आपल्या भाविक मंडळींत लपवण्याचा आणखी एक प्रकार आहे आणि तो मला जास्त खटकतो. पैशाचा विषय निघाला की "अरे, ही सगळी माया" असं म्हणून तो मिटवायचा. मुलाने फी विचारली, माया. मुलाने कर्ज विचारलं, माया. आणि हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला जातो. ज्याला माया म्हणायचं ते आधी नीट मोजून तरी बघावं. न मोजता माया म्हणणं म्हणजे मला तरी वैराग्यापेक्षा आळस जास्त वाटतो.

पूर्वी निदान पैसा दिसायचा. पगाराचं पाकीट घरी यायचं. आजी त्यातून दूधवाल्याचे, वाण्याचे, भिशीचे बाजूला काढायची, प्रत्येकाचा वेगळा डबा असायचा. डबा रिकामा झाला की तो मुलांनाही दिसायचा, कोणी व्याख्यान द्यावं लागायचं नाही. आता पगार खात्यात येतो, हप्ता आपोआप जातो, वीजबिल आपोआप जातं, आणि मुलाला दिसतो तो फक्त फोनवरचा हिरवा बरोबरचा खूण. त्याच्या दृष्टीने पैसा म्हणजे पिन टाकली की होणारी गोष्ट. रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतःचं बचत खातं स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली आहे, ती चांगली गोष्ट आहे, भाच्याचं खातं आहेही. पण त्या खात्यात त्याला कळतात ते खाऊचे पैसे. घर कशावर चाललंय हे त्यात कुठे दिसतं?

आणि सगळ्याच घरांत मुलांना हे शिकवावं लागतं असंही नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींची मुलगी नववीत आहे. मावशींच्या बचत गटाची वही तीच लिहिते, कारण गल्लीत सुवाच्य अक्षर आणि बेरीज-वजाबाकी पक्की तिचीच. कोणी कर्ज उचललं, महिन्याला शेकडा दोन रुपयांनी व्याज किती झालं, कोणाचा हप्ता थकला, का थकला, सगळं तिला माहीत आहे. तिला कोणी आर्थिक साक्षरतेचा वर्ग लावलेला नाही. एकदा मावशी म्हणाल्या, "दादा, तिनेच मला सांगितलं, आई या महिन्यात कर्ज नको उचलू, मागचं फिटू दे." मी तिचं कौतुक केलं, आणि घरी येताना वाईटही वाटलं. चौदा वर्षांच्या मुलीने आईला हे सांगावं लागणं यात सगळं कौतुकाचंच नाही.

म्हणून ताईच्या काळजीला मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. तुकोबांचंच बघा. थोरले बंधू सावजी विरक्त, त्यामुळे दुकान आणि सावकारीचा व्याप वयाच्या तेराव्या वर्षीच तुकोबांच्या अंगावर आला असं चरित्रकार सांगतात. सतराव्या वर्षी आईवडील गेले. पुढे १६३० च्या आसपासच्या दुष्काळात दिवाळं निघालं, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. कोवळ्या वयात पैशाचं ओझं अंगावर पडणं म्हणजे काय, हे त्या घराला ठाऊक होतं. आपण नंतरचे तुकोबा जाणतो म्हणून त्या तेरा वर्षांच्या मुलाची काळजी करत नाही, एवढंच.

पण त्याच चरित्रात पुढे एक बारकावा आहे. वैराग्य आल्यावर त्यांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, ही गोष्ट सगळे सांगतात. कथा नीट ऐकली तर आधी खतांची वाटणी झाली. धाकट्या कान्होबाचा अर्धा हिस्सा कान्होबाला दिला आणि फक्त स्वतःचा अर्धा नदीत सोडला. त्याग करतानाही आपलं किती आणि भावाचं किती याचा हिशोब चोख होता. दुसऱ्याच्या पैशाने विरक्त होणं त्यांना मंजूर नव्हतं. मला तर खतं बुडवण्याइतकीच ती वाटणी मोठी वाटते.

या दोन गोष्टी, म्हणजे देवगिरीची आणि देहूची, शेजारी ठेवल्या की मला एक फरक दिसतो. नाथांना वही मिळाली, किल्ला नाही मिळाला. मेळ लावायचं काम मुलाचं, पण खजिना कमी पडला तर उत्तर द्यायची जबाबदारी स्वामींची होती. तुकोबांवर मात्र वहीबरोबर अख्खं दुकान पडलं. मुलाला कर्जाचा आकडा कळू देणं वेगळं आणि ते कसं फिटेल ही चिंता त्याच्या उशाशी ठेवणं वेगळं. मावशींच्या मुलीच्या बाबतीत ही सीमारेषा परिस्थितीने पुसून टाकलीय. ताईच्या घरात ती अजून शाबूत आहे, म्हणजे सांगायची सोय आहे.

कायद्यानेही साधारण अशीच रेघ ओढली आहे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्याला करार करता येत नाही. कलकत्त्याच्या एका सावकाराने अल्पवयीन मुलाकडून वीस हजारांचं गहाणखत लिहून घेतलं होतं. १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलने ते रद्दबातल ठरवलं. अठरापर्यंत देणं अंगाला लागत नाही. पण अठरावा वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवसापासून तोच मुलगा कर्ज घेऊ शकतो, कार्डवाले फोन करतात, "आत्ता घ्या, नंतर भरा" वाली ॲप्स दार वाजवतात. काल जे कळायचं वय नव्हतं ते आज सही करायचं वय. मधली शिकायची वर्षं कुठली? तेरा ते अठरा हीच ना?

मी ताईला एवढंच म्हटलं की तो विचारतोय याचा अर्थ त्याला अंदाज आलेला आहे. मुलं बंद दारामागचा आवाजाचा चढउतार ऐकतात. खरा आकडा नसला की ती स्वतःचा आकडा बनवतात, आणि तो बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतो.

शेवटी भाऊजीच म्हणाले, दाखवू या. एका रविवारी गृहकर्जाचं स्टेटमेंट काढलं. त्यांचे खरे आकडे इथे लिहीत नाही, जवळपासचे गोल आकडे घेतो. चाळीस लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षं. हप्ता साधारण ३४,७०० रुपये. भाच्याने पहिल्या महिन्याची ओळ वाचली आणि त्याला वाटलं छपाईची चूक आहे. ३४,७०० पैकी व्याज २८,३०० च्या वर, आणि मुद्दलात गेले जेमतेम ६,४००. तीन वर्षांत साडेबारा लाख भरून झालेत आणि कर्ज उतरलंय दोन लाख साठ हजारांनी. वीस वर्षांत चाळीस लाखांचे ८३ लाख होणार.

तो बराच वेळ त्या तक्त्याकडे बघत होता. रील्समधली चक्रवाढ त्याने नेहमी आपल्या बाजूने वाढताना पाहिली होती. इथे तीच समोरच्या बाजूने वाढत होती, आणि बाबांचं नाव वर छापलेलं होतं.

ताई घाबरली होती, तसं काही झालं नाही. तो रडला नाही, गंभीर भाषणही केलं नाही. त्याने विचारलं, मुद्दल आधीच जास्त भरलं तर काय होतं? मग आम्ही दोघांनी लॅपटॉपवर ते मांडलं, आणि सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादाचा रुपया शेवटच्या वर्षांत भरलेल्यापेक्षा किती जास्त व्याज वाचवतो हे त्याने स्वतः शोधलं. टाळी वगैरे वाजवली नाही, पण चेहरा तसाच होता. भाऊजींनी त्याला एक गोष्ट स्पष्ट सांगितली: "हप्ता माझा आहे. तुला माहीत असावं म्हणून दाखवला. तू फेडायचा म्हणून नाही." हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं. कागद दाखवायचा असेल तर हे वाक्य आधी म्हणा, नंतर नको.

आजीच्या आजारपणाच्या पर्सनल लोनचा कागद मात्र त्या दिवशी बाहेर आला नाही. तो दाखवला तर आजीकडे बघण्याची त्याची नजर बदलेल, असं ताईला वाटतं. मला तसं वाटत नाही. पण सासू तिची आहे, घर तिचं आहे, आणि आमचं यावर अजून एकमत नाही. तुमच्यापैकी कोणाच्या घरात हे झालं असेल तर जरूर लिहा.

नंतर जे झालं ते आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात नव्हतं. खात्याचं स्टेटमेंट खाली सरकवताना त्याला दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला गेलेले ११०० रुपये दिसले. दिंडीच्या अन्नदानाला भाऊजी गेली कित्येक वर्षं देतात. त्याने विचारलं, "बाबा, एवढं कर्ज असताना आपण दान कसं करतो? हे पैसे बँकेचे नाहीत का?"

खोलीत क्षणभर शांतता. मला दामाजीपंत आठवले. मंगळवेढ्याची कोठारं त्यांनी दुष्काळात उपाशी माणसांसाठी उघडली, पण धान्य बादशहाचं होतं. लहानपणी आपण ही कथा दयेची म्हणून ऐकतो. भाच्याच्या प्रश्नानंतर मला ती वेगळीच दिसली. विठोबा विठू महार होऊन बीदरला जातो ते दामाजींना नुसतं सोडवायला नाही. तो धान्याची किंमत खजिन्यात भरतो, आणि रीतसर पावती घेतो. पांडुरंगाला पावती कशाला लागते? पण कथा रचणाऱ्यांनी ती ठेवलीय. दान झालं, लोक जगले, तरी ज्याचं होतं त्याचं देणं फिटल्याशिवाय कथा संपत नाही.

मी हे मोठ्याने बोललो नाही. भाऊजींचं उत्तर जास्त चांगलं होतं. ते म्हणाले, "हप्ता चुकला असता तर मी दिले नसते. हप्ता गेल्यावर जे उरतं त्यातून देतो. पण तुझं म्हणणं चूक नाही. वर्षाचे किती होतात बघ, आणि तुला काय वाटतं सांग. बंद करू का?"

त्याने हिशोब केला. वर्षाचे १३,२००. सध्याच्या हप्त्यात मुद्दलात जाते त्या रकमेशी ताडून बघितलं तर दीड महिन्याच्या मुद्दलाहून थोडे जास्त. आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली, आणि म्हणाला, मला थोडा वेळ द्या.

त्याला आता तीन आठवडे झाले. मधे एक एकादशी येऊन गेली, तेव्हा भाऊजींनी नेहमीप्रमाणे ११०० पाठवले आणि त्याला सांगून पाठवले. त्याने अजून काही ठरवलेलं नाही. परवा फक्त फोनवर मला विचारत होता, अकराशे रुपयांत किती माणसं जेवतात?

उद्या नाथ देवगिरीहून पुढे निघतात, तो भाग वाचू.

जय हरी.